ऐकू आलं तेवढंच

मावशी आमच्याकडे कामाला लागल्या त्याच दुपारी आत्याने त्यांची तक्रार करायला ब्युरोला फोन लावला.

"तुम्ही पाठवलेली बाई ठार बहिरी आहे."

"हॅलो?"

"बहिरी! आजारी माणसाला सांभाळायला बहिरी बाई पाठवता?"

"हॅलो, कोण बोलतंय? आवाजच येत नाहीये. हॅलो?"

आत्याने फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि खाली ठेवला. मी तिला अगदी खेटून बसले होते, म्हणून मला तरी ऐकू आलं. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "सगळं ऑफिसच बहिरं आहे. त्यांच्यातलीच एक पाठवलीय."

आत्याला पार्किन्सन्स आहे. पार्किन्सन्स म्हटलं की लोक आधी हाताकडे बघतात, कापतोय का ते. तिचा हात फारसा कापत नाही. आजाराने तिची पावलं आखूड केली, चेहरा दगडासारखा थिजवला आणि आवाज उतरवत उतरवत पार कुजबुजीपर्यंत आणला. यातली मेख अशी, की ज्याचा आवाज जातो त्याला ते कळत नाही. आत्याच्या कानांना स्वतःचा आवाज पूर्वीइतकाच खणखणीत वाटतो. त्यामुळे तिच्या लेखी दूधवाला बहिरा, डॉक्टर बहिरे, मी बहिरी, आणि आता ही नवीन बाईसुद्धा त्यातलीच.

आणि आवाज गेला कुणाचा, तर हिचा! मुलींच्या शाळेत ती पीटीची बाई होती. मुली तिला शिट्टीबाई म्हणायच्या, कारण तिला शिट्टी कधी लागलीच नाही. मैदानाच्या या टोकाला तिने "साऽवधान!" म्हटलं की कुंपणापलीकडून जाणारी माणसंही चार पावलं ताठ चालायची, असं माझे बाबा सांगतात. बाबा तिचे धाकटे भाऊ; ते वेगळे राहतात, आत्याच्या घरी तिच्यासोबत मी असते. ते अजून तिच्यासमोर पोक काढून बसत नाहीत.

अशा बाईची कुजबूज झाल्यावर आम्ही घरच्यांनी सोपा मार्ग काढला. तिच्या वतीने आपणच बोलायचं. डॉक्टर विचारायचे, "झोप लागते का?" आणि मी सांगायचे, "लागते, पण कूस वळता येत नाही." नातेवाईक विचारायचे, "आज कसं आहे?" आणि बाबा फोनवरून सांगायचे, "कालच्यापेक्षा बरं." तिने ओठ हलवायच्या आत तिचं वाक्य पुरं झालेलं असायचं. हळूहळू तिने वाक्यं सुरू करणंच सोडून दिलं. आधीच्या दोन बायका आल्या आणि गेल्या, त्या जाताना एकच म्हणाल्या, "आजी गुणी आहेत हो, काही म्हणून मागत नाहीत."

मग मावशी आल्या. ठेंगण्या, रुंद, पदर कमरेला खोचलेला, आणि टाच अशी आपटत चालायच्या की कुठल्या खोलीत आहेत ते विचारावं लागायचं नाही. पहिल्याच दिवशी त्या दारात उभ्या होत्या आणि आत्याचे ओठ हलले.

"काय म्हणालात बाई?"

पुन्हा ओठ हलले.

"तिला पाणी हवंय," मी म्हणाले.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "त्या म्हणाल्या का?"

"हो, म्हणाली की आत्ता."

"मला नाही ऐकू आलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी, आजारी बाई समोर, आणि या खांबासारख्या उभ्या! आत्याचा चेहरा रागावू शकत नाही; आजाराने ती सोय काढून घेतलीय. पण डोळे रागावतात. तिने खुर्चीच्या हातावर बोटं आवळली, छाती भरून घेतली आणि म्हणाली, "पाणी!"

शब्द संपायच्या आत पेला तिच्या हातात होता.

मी मावशींना स्वयंपाकघरात गाठलं. "मावशी, तिला बोलायला त्रास होतो."

"होतो ना. गळ्याला सवय राहिली नाही."

"मग कशाला छळता तिला?"

"बसा ताई, सांगते," असं म्हणून त्यांनी मला माझ्याच घरात स्टुलावर बसवलं. "याच्या आधी एका घरी होते. तिथल्या काकांना हाच आजार. बायको इतकी जीव लावणारी, इतकी जीव लावणारी, की डॉक्टर म्हणाले जीभ दाखवा, तर बाईंनी स्वतःची काढून दाखवली."

मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले.

"हसा, मीपण हसले तेव्हा. तिथे आवाजाच्या व्यायामाला एक मॅडम यायच्या. त्यांनी मला शिकवलं. म्हणाल्या, या पेशंटना 'नीट बोला, स्पष्ट बोला' असं काही सांगू नका. फक्त 'मोठ्याने' एवढं एकच सांगा. बाकीचं आपोआप सुधारतं. रोज 'आऽऽ' करायचा, जमेल तितका लांब." मावशींनी बाहेर एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आता तुमच्या आत्या 'आऽऽ' करतील का? आयुष्यभर दुसऱ्यांकडून कवायत करून घेतलेली बाई. त्या नाही करायच्या. पण भांडतील. भांडण्यात किती दम लागतो बघितलंत ना आत्ता?"

मावशींचं स्वतःचं आयुष्य आवाजावर चाललेलं. लग्नानंतर नवरा-बायको भाजीची हातगाडी फिरवायचे. नवरा गाडी ढकलायचा, माल निवडून आणायचा, तराजू धरायचा. पण हाळी द्यायची म्हटली की त्याच्या तोंडाला कुलूप. लाजायचा. मग हाळी बायकोची. "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने पोळपाट सोडून खिडकीत यायला हवं, इतका पोचवायचा आवाज. ओरडायचं नाही हं. ओरडलं की बाई खिडकी लावून घेते. पोचवायचा." पुढे बाजारात गाळा मिळाला. गिऱ्हाईक आपल्या पायाने यायला लागलं, नवऱ्याचं एकट्याचं भागायला लागलं, आणि मावशी गाळ्यात मागे बसून मिरच्यांची देठं काढू लागल्या. "सहा महिन्यांत वेड लागायची पाळी आली. कुणाला हाकच मारायची नाही म्हणजे काय!" गिऱ्हाइकांपैकीच एक नर्सबाई होत्या. त्यांच्याकडून मावशींनी ब्युरोचा पत्ता काढला, आजारी माणसांची कामं करण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि या कामाला लागल्या. नवरा म्हणाला, "तुझा आवाज ऐकून पेशंट पळून जाईल." मावशी म्हणाल्या, "पळाला तर बराच झाला म्हणायचा."

आमच्या घरात नियम ठरला. मावशींनीच ठरवला, हात कमरेवर ठेवून: "बाई, मला ऐकू आलं तेवढंच करणार. मनातलं ओळखणार नाही. ओळखता येतं मला, पण ओळखणार नाही."

"निर्लज्ज आहे," आत्या म्हणाली.

"काय?"

"निर्लज्ज!"

"हां, हे पोचलं."

पहिले काही दिवस त्या खोलीच्या दारात उभ्या राहायच्या. आत्याचा आवाज दारापर्यंत सहज यायला लागला, तशा त्या स्वयंपाकघरात सरकल्या. मग गॅलरीत. पुढे दार उघडं ठेवून बाहेर, जिन्याच्या तोंडाशी. आत्याला वाटायचं बाईला काम टाळायचंय म्हणून लांब लांब जाते. मला वाटायचं ही बाई कुठल्या कुठे पोचणार आहे!

"गाढव," आत्या एकदा म्हणाली. मावशी तेव्हा स्वयंपाकघरात.

"काय म्हणालात?"

"गाढव!"

"आलं, आलं ऐकू. बोला, काय काम होतं गाढवाकडे?"

"चष्मा!"

चष्मा आला. पाठोपाठ मी एक आवाज ऐकला, घरात बरेच दिवस न ऐकलेला. आत्या हसत होती. चेहरा तसाच कोरा, पण पोट हलत होतं.

हे वाचून कुणाला वाटेल, मावशी दिवसभर नुसत्या भांडायच्या. तसं नाही. जिथे हात द्यायचा तिथे त्यांचा हात आधीच पोचलेला असायचा. गोळीची वेळ त्यांनी कधी पुढे-मागे होऊ दिली नाही. गोळी आधी, रिकाम्या पोटी. दूध आणि डाळ बऱ्याच वेळाने, कारण त्यांच्यासोबत घेतली तर गोळी अंगी लागत नाही. गोळीचा असर ओसरायला लागला की त्यांना आत्याच्या अंगठ्यावरून कळायचं. अंगठा तळव्यात वळायला लागला की त्या म्हणायच्या, "उतरली. आता बाईंना कुणी काही विचारू नका." आत्याच्या ब्लाउजची बटणं त्यांनी नुसती दिखाव्याला ठेवली आणि आतून वेल्क्रोची चिकटपट्टी शिवली, बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली तर त्या पुसायच्या नाहीत, रुमाल आत्याच्या हातात द्यायच्या आणि दुसरीकडे बघायच्या.

आणि थांबायच्या. त्यांच्यासारखं थांबणारं माणूस मी पाहिलेलं नाही. या आजारात चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटतात, बहुतेक वेळा दारातच. अशा वेळी आम्ही सगळे गोळा होऊन "चल, उचल पाय, अगं उचल की!" असा गलका करायचो, आणि गलका वाढला की पाय आणखी घट्ट. मावशी आल्यापासून गलका बंद. त्या आत्याच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभ्या राहायच्या. ओढायच्या नाहीत, ढकलायच्या नाहीत, घड्याळाकडे बघायच्या नाहीत. मग सहज म्हणायच्या, "बाई, मुली रांगेत उभ्या आहेत." आणि आत्या, आधी ओठांतल्या ओठांत आणि मग मोठ्याने, स्वतःच स्वतःला हुकूम सोडायची, "डावा! उजवा! डावा!" आणि दार ओलांडायची. मी त्यांना एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत उभं राहायचा?" त्या म्हणाल्या, "येतो की. मी मनातल्या मनात भाज्यांचे भाव म्हणते."

आमच्या समोरच्या घरात एक काकू राहतात. त्यांच्या आणि आमच्या इमारतीमध्ये जेमतेम एक चिंचोळी गल्ली आहे, आणि काकूंची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर समोर. काकू कायम तिथे बसलेल्या, म्हणून आम्ही त्यांना खिडकीकाकू म्हणतो. बाई मनाने चांगली. नाक मात्र गल्ली ओलांडून आमच्या घरात. मावशींची तऱ्हा त्यांना पहिल्यापासून पटली नव्हती. "ती तुझी बाई म्हातारीला ओरडायला लावते गं," त्या मला रस्त्यात थांबवून सांगायच्या. "हाक मारली तरी येत नाही. मी सगळं बघते."

"ते व्यायामासाठी आहे काकू."

"कसला मेला व्यायाम! घसा बसेल तिचा."

त्या आठवड्यात मावशी एक मजला खाली उतरायला लागल्या होत्या. दार सताड उघडं, आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत, आणि मावशी खालच्या मजल्यावरच्या पायरीवर. ब्युरोचा यावर कडक नियम होता: पेशंटला घरात एकटं सोडून बाहेर जायचं नाही. गेलात तर नाव कमी. मावशींना तो माहीत होता. मलाही माहीत होता. एक मजला म्हणजे काही बाहेर नव्हे, अशी आम्ही दोघींनी आपापली समजूत घालून घेतली होती.

त्यातच एक दिवस मी कामावर होते. खालच्या मजल्यावर कुणीतरी घराची भिंत तोडायला काढली आणि मिस्त्रीने मशीन सुरू केलं. नेमकं तेव्हाच आत्याला बाथरूमला जायचं होतं. तिने हाक मारली. मावशी पायरीवर बसलेल्या, कानात नुसती घरघर. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा. एकटीने उठायचं नाही हे तिला शंभरदा बजावलेलं, आणि ती शिस्तीची बाई. ती उठली नाही. हाका मारत राहिली. शेवटी खुर्चीतच कपडे ओले झाले.

धावत आल्या त्या खिडकीकाकू. गल्ली ओलांडून, जिना चढून, मशीनशेजारून, पायरीवर बसलेल्या मावशींना जवळजवळ तुडवत.

संध्याकाळी मी दार उघडलं तर मावशी समोरच उभ्या. मला चप्पलही काढू दिली नाही. "ताई, आज माझ्याकडून चूक झाली," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं, काही न झाकता. "काकूंनी ब्युरोला कळवलंय. उद्या मॅडम येणार आहेत. काढतील मला."

"मशीन सुरू झाल्यावर वर का नाही आलात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"वाटलं, येईल ऐकू." त्यांनी पदर पिळला. "चिकटपट्टीचा उरलेला तुकडा शिवणाच्या डब्यात आहे. नवीन बाईला सांगा, दूध गोळीच्या नंतर, आणि दारात अडकल्या तर ओढायचं नाही. तेवढं सांगाच."

मी आत गेले. आत्या अंघोळ करून, कोरडं लुगडं नेसून पलंगावर बसली होती. "आत्या, काय करायचं?" मी विचारलं. तिने डोळे मिटून घेतले. त्या संध्याकाळी ती कुणाशी एक अक्षर बोलली नाही. मावशींशी तर नाहीच. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "आणखी एक बाई गेली तर मी तिला माझ्याकडे घेऊन येतो. तिचं वेगळं घर पुरे झालं आता." म्हणजे आत्याचं घर, तिची खिडकी, सगळंच मावशींच्या नोकरीला टांगलेलं.

दुसऱ्या दिवशी ब्युरोच्या मॅडम आल्या त्या नेमक्या चुकीच्या वेळी. मावशींनी आत्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, तिला गोळी दिली, आणि मॅडमना म्हणाल्या, "थोडं थांबाल का? आधीची गोळी उतरलीय. ही चढायला वेळ लागेल. बाईंना आत्ता बोलायला जड जातं."

"मला पुढे अजून घरं आहेत हो," मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नव्हती. कपाळावर घाम होता, पर्समधून कुणाचा तरी फोन सारखा वाजत होता. खिडकीकाकू साक्ष द्यायला आधीच येऊन बसलेल्या. मावशी भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभ्या.

मॅडमनी मला विचारलं, "तुमच्या आत्यांचं काय म्हणणं आहे?"

माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. सवयच ती. मग म्हणाले, "तिलाच विचारा."

मॅडम वाकल्या, आणि लहान मुलांशी बोलतात त्या सुरात म्हणाल्या, "आजीऽऽ, काल तुम्हाला यांनी एकटं सोडलं होतं नाऽऽ?"

आत्याचे ओठ हलले.

"हो म्हणतायत," मॅडम म्हणाल्या.

"हो म्हणाली," काकूंनी दुजोरा दिला.

"घाबरलात ना खूप?"

ओठ हलले. जरा जास्त वेळ हलले.

"खूप घाबरल्या बिचाऱ्या."

"घाबरणार नाही तर काय!"

"दुसरी बाई देऊ ना तुम्हाला? चांगली, शांत? उद्यापासूनच देते हं."

ओठ हलले. मॅडम "बरं बरं" म्हणत पर्स उचलायला लागल्या. मी मावशींकडे पाहिलं: बोला ना आता! एवढ्या गळ्याच्या बाई तुम्ही, एक वाक्य बोला! मावशींनी भिंत सोडली आणि आत्याकडे तोंड ठेवून, न वळता, एकेक पाऊल मागे सरकायला लागल्या. दारापर्यंत. दाराबाहेर. स्वयंपाकघरात.

"अहो, कुठे चाललात तुम्ही?" मॅडम वैतागल्या. "तुमच्याबद्दलच बोलतोय ना!"

"थांबा!"

मॅडम दचकल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. तिसरी शक्यता त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"मी हो म्हटलं नाही," आत्या म्हणाली.

ती श्वास गोळा करत होती. मॅडमनी मध्ये काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मी, जिने वर्षानुवर्षं तिच्या बोलण्यातली मधली जागा भरून काढली, त्यांना हाताने गप्प केलं.

आत्याने काकूंकडे मान वळवली. मान वळायलाही वेळ लागला. "काल तुला कुठून ऐकू आलं?"

"मला? माझ्या घरातून. खिडकीत बसले होते ना."

"खिडकी उघडी होती?"

"छे, बंद! त्या मशीनची धूळ येते केवढी."

"मशीन चालू होतं."

"चालू म्हणजे काय, कानठळ्या बसत होत्या."

"बंद खिडकीतून. मशीन चालू असताना."

"अहो बाई, केवढ्यांदा हाका मारत होतात! मला वाटलं, पडलात की काय. मी तशीच पदर सावरत—" काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांना कळत होतं की आपण काहीतरी बोलून बसलोय, पण काय ते कळत नव्हतं.

आत्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. पोट मात्र हललं.

"गल्लीपार," ती मला म्हणाली.

"गल्लीपार आत्या."

मग ती मॅडमकडे वळली. गोळी चढायला लागली होती. अंगठा सुटला होता. शब्द एकेक येत होते, मध्ये मोठ्या फटी, पण येत होते. "काल कपडे ओले झाले. लाज वाटली. तिची चूक आहे."

"तेच तर आजी—"

"बाई म्हणा."

"तेच तर बाई, मी म्हणते—"

"काढायची नाही."

"पण नियम आहे आमचा. एकटं सोडता येत नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"नियम बरोबर आहे. आणखी एक घाला. ती जिन्यात गेली, तर ही," तिने हनुवटीने काकू दाखवल्या, "इथे बसणार. ही नसेल तर ती दारापर्यंतच. मशीन चालू असेल तर घरातच."

"मी?" काकू म्हणाल्या. "मी कशाला?"

"नाहीतरी बघतच असतेस. इथून बघ."

काकूंनी नाक मुरडलं. पण उठून गेल्या नाहीत. उलट खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. मॅडमनी घाम पुसला. त्या म्हणाल्या, मावशींना ताकीद द्यावीच लागेल, आणि पुन्हा असं झालं तर कुणाचंही ऐकून घेणार नाही. स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला, "द्या मॅडम. बरोबर आहे ते." जाताना मॅडम दारात घुटमळल्या आणि आत्याला म्हणाल्या, "येते बाई." या वेळी सूर मोठ्या माणसांशी बोलायचा होता.

त्या गेल्या आणि मावशी खोलीत आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "बाई—" त्या म्हणाल्या.

"काल कुठे मेली होतीस?" आत्या म्हणाली.

मला वाटलं होतं, झालं, मिटलं सगळं. मिटलं नव्हतं. आत्याने राग कालपासून राखून ठेवला होता. परक्या माणसांसमोर तिने तो काढला नाही, शाळेतही ती बाहेरच्या पाहुण्यांसमोर कुठल्या मुलीला रागवायची नाही. पाहुणे गेल्यावर मात्र त्या मुलीचं काही खरं नसायचं.

"खालच्या पायरीवर होते बाई."

"मशीन ऐकू येत नव्हतं तुला?"

"येत होतं."

"मग माझी हाक कशी येईल? डोकं कुठे ठेवलं होतंस?"

"चुकलंच माझं."

"मी घाबरले होते! दहा हाका मारल्या मी! दहा! मोठ्याने बोला, मोठ्याने बोला, म्हणून जीव खाल्लास माझा, आणि मोठ्याने बोलले तर तू कुठे? माझ्या आवाजाची परीक्षा घेतेस, आणि स्वतःचे कान कुठे घालवून बसतेस?"

मावशी खाली मान घालून उभ्या होत्या, पाय जुळवून, मैदानावर उभ्या राहिलेल्या मुलीसारख्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. हातगाडीवर, बाजारात, ब्युरोत कुणी त्यांना असं सुनावलं असतं तर त्यांनी एकाचे दोन परत दिले असते, हे मी खात्रीने सांगते. इथे त्या ऐकून घेत होत्या. एकेक शब्द. आत्याचा दम संपला की त्या थांबायच्या, पुढचा शब्द यायची वाट बघायच्या, आणि तो आला की पुन्हा "हो बाई" म्हणायच्या. काकू एकदा मध्ये बोलायला गेल्या, "जाऊ द्या हो आता—" तर मावशींनीच त्यांना अडवलं. "बोलू द्या त्यांना. अजून संपलं नाही त्यांचं."

संपलं नव्हतंच. आत्या खुर्चीच्या हातावर हात आपटत होती, मान ताठ झाली होती, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. "पुन्हा असं केलंस तर याद राख!"

जिन्यात पावलं वाजली. खालचं मशीन बंद होतं. उघड्या दारात मिस्त्री येऊन उभा राहिला, केसांपासून पायांपर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेला, हातात हातोडा तसाच.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं. "काही मदत पाहिजे का? खालपर्यंत आवाज येतोय."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, वेळ घेतला, आणि म्हणाली, "भांडण चाललंय. दार लावून घे."